आधी पहिला तास सांभाळा, यंत्राचं नंतर बघू

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालये, विद्यापीठातील जीवशास्त्राचे विभाग आणि मोठी रुग्णालये यांच्या संशोधन व नैतिकता समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय : सिंगल सेल संशोधन सोलापुरात सुरू करण्याआधी करायची कामं

स. न. वि. वि.

मी शिक्षणाने डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनची पदविका घेतलेली. सात रस्त्याजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये पाच वर्षं टीसी-डीसी केले, म्हणजे पांढऱ्या पेशींची एकूण मोजणी आणि प्रकारवार मोजणी. रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढायचा, लिशमनचा रंग द्यायचा, तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली धरायचं आणि पांढऱ्या पेशी मोजत बसायचं. हाताखाली काउंटर. न्यूट्रोफिल दिसला की एक बटण, लिम्फोसाइट दिसला की दुसरं. शंभर भरले की घंटी वाजते.

एका संध्याकाळी एका तरुण मुलाचा टीसी ७,२०० आला. अगदी मधोमध, तक्रारीला जागा नाही. चिठ्ठीवर 'आठ दिवस ताप' एवढंच. काचपट्टीवर मात्र चार-पाच पेशी अशा दिसल्या की बटणावरचा हात थांबला. भलंमोठं केंद्रक, त्यात ठळक ठिपके, भोवती नावापुरती निळी कड. ब्लास्ट, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात दिसणारी कच्ची पेशी. टीसी म्हणत होता सगळं ठीक आहे, आणि डीसी म्हणत होता की याला आजच मोठ्या दवाखान्यात न्या.

आज जगभर ज्याला सिंगल सेल विश्लेषण म्हणतात त्याचं मूळ माझ्या मते त्या काउंटरमध्ये आहे. (मराठीत 'एकपेशीय' लिहिलं की वाचणाऱ्याला अमिबा आठवतो, म्हणून मी सिंगल सेल असंच लिहिते.) पुढे एमएस्सी करून मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सहा वर्षं हेच काम केलं आणि गेल्या वर्षी घरी परतले. आल्यापासून इथल्या प्राध्यापकांशी, डॉक्टरांशी बोलते आहे. बोलणं दहा मिनिटांत एकाच ठिकाणी येऊन थांबतं : "मॅडम, यंत्र केवढ्याला पडेल?" त्या प्रश्नाला जाहीर उत्तर द्यावं म्हणून हे पत्र.

काउंटर हातात धरून मी पेशीचा चेहरा बघत होते. आता त्या पेशीत त्या घटकेला कोणकोणती जनुकं चालू आहेत ते वाचता येतं. २००९ मध्ये केंब्रिजमधल्या अझीम सुरानी यांच्या गटाने उंदराच्या अगदी सुरुवातीच्या भ्रूणातल्या एकेका पेशीचा आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या नकला, असा वाचला. तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेशी व्हायच्या. २०१५ मध्ये हार्वर्डच्या दोन गटांनी थेंबांची युक्ती काढली. तेलात नॅनोलिटरभर पाण्याचे हजारो थेंब बनवायचे. जमेल तिथे प्रत्येकात एक पेशी आणि एक मणी. मण्यावर लाखो सूक्ष्म धागे आणि त्या सगळ्यांवर एकच बारकोड, किराणा दुकानातल्या पुड्यावर असतो तसा. थेंबात पेशी फुटते, तिचा आरएनए धाग्यांना चिकटतो आणि बारकोड घेऊनच बाहेर पडतो. मग सगळे थेंब एकत्र ओतले तरी बिघडत नाही, कारण कोणता रेणू कुठल्या पेशीतला हे बारकोड सांगतो.

एका पेशीत आरएनए असतो साधारण १० ते ३० पिकोग्रॅम, आणि त्यातला वाचण्याजोगा भाग शंभरात जेमतेम पाच. त्यातलाही बराचसा निसटतो. म्हणून या माहितीत शून्यंच शून्यं असतात. जनुक बंद होतं म्हणून शून्य आलं, की रेणू हाताला लागला नाही म्हणून, हे एका पेशीवरून कळत नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसात चिकट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुक १९८९ मध्येच सापडलं होतं. ते श्वासनलिकेत नेमकं कुठे चालतं याबद्दल सगळ्यांची ठाम समजूत होती. २०१८ मध्ये दोन गटांनी तिथल्या पेशी एकेक करून वाचल्या, तेव्हा हे जनुक सर्वांत जोरात चालताना दिसलं ते शंभरात एखादीच असणाऱ्या एका पेशीत. ती तिथे असते हेसुद्धा तोवर कुणाला माहीत नव्हतं. (इतर पेशींचाही वाटा असतो हे नंतरच्या कामात दिसलं, पण ती पेशी आहे ती आहेच.) सगळं ऊतक वाटून एकदम तपासणाऱ्याला ती कधीच भेटली नसती.

आता यंत्राबद्दल. थेंब बनवणारं यंत्र हवंच असं नाही. २०१८ मध्ये सिएटलच्या गटाने त्याशिवायचा मार्ग दाखवला. पेशी आधी स्थिर करायच्या आणि ९६ कप्प्यांच्या साध्या प्लेटमध्ये वाटायच्या. प्रत्येक कप्प्यात वेगळी खूण द्यायची, सगळ्या एकत्र करायच्या, पुन्हा वाटायच्या. पत्त्यात आधी पेठ, मग गल्ली, मग घर नंबर लिहावा तसं. तीन फेऱ्यांत ८,८४,७३६ वेगवेगळे पत्ते तयार होतात. त्यासाठी पिपेट, प्लेट आणि शांत हात लागतो. तो शांत हात सोलापूरच्या कितीतरी लॅबमध्ये आहे. सिक्वेन्सिंग, म्हणजे त्या रेणूंची अक्षरं वाचायचं काम, बाहेरून करून घेता येतं, मोठमोठ्या संस्थाही तेच करतात. खर्च मात्र कुठल्याही मार्गाने गेलात तरी नमुन्यागणिक लाखांच्या भाषेत होतो, हे लपवत नाही.

पण पैसे वाया जातात ते त्याच्या कितीतरी आधी, तुकडा कापल्यानंतरच्या पहिल्या तासात, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी.

पुण्यात असताना आम्ही तोंडाच्या कर्करोगाचे नमुने बाहेरगावच्या एका रुग्णालयातून मागवत होतो. पहिल्या रुग्णाची संमती घेतली, सर्जन तयार, मी बर्फाचा डबा घेऊन थिएटरबाहेर उभी. दार उघडलं आणि सिस्टरांनी माझ्या हातात बाटली दिली : फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या पण पेशी मारणाऱ्या रसायनात, बुडवलेला तुकडा. त्यांचं काय चुकलं? तीस वर्षं प्रत्येक तुकडा त्या फॉर्मेलिनमध्येच टाकत आल्या होत्या. आम्ही सर्जनला समजावलं, नैतिकता समितीला समजावलं, आणि जिच्या हातातून तुकडा जाणार तिला कुणी काही सांगितलंच नाही. दुसरा नमुना बर्फावर ठेवला, पण गाडी दीड तास उशिरा निघाली. प्रयोगशाळेत पोचून ट्रायपॅन ब्लू घातलं तर न्यूबॉयर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या काचेवर) जिकडेतिकडे निळे ठिपके. निळी म्हणजे मेलेली. शंभरात ऐंशी-नव्वद तरी जिवंत हव्या असतात, आमच्याकडे निम्म्याही नव्हत्या. फुटलेल्या पेशींचा आरएनए द्रावणात तरंगतो आणि दुसऱ्यांच्या थेंबात शिरतो. मग कर्करोगाच्या पेशीत लाळग्रंथीची जनुकं सापडतात, आणि एखादा उत्साही विद्यार्थी त्यावर प्रबंध लिहायला घेतो.

नमुना वेळेत पोचला तरी काम संपत नाही. ऊतकातून पेशी सुट्या करायला कोलॅजिनेजसारखं विकर (एन्झाइम) घालून ३७ अंशावर ठेवतात. पेशीच्या दृष्टीने हा अत्याचारच. उंदराच्या स्नायूंवरच्या २०१७ मधल्या एका अभ्यासात दिसलं की या प्रक्रियेमुळेच काही पेशींत फॉस (Fos) आणि जून (Jun) ही तणावाची जनुकं चालू होतात. म्हणजे रोग शोधायला निघालेला माणूस आपल्याच हाताने केलेली जखम वाचून परत येतो.

सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४३-४४ला टेकतो. ताजा तुकडा रोज पुण्याला धाडू अशी योजना कुणी आपल्यापुढे मांडली तर कृपया मान्य करू नका. तुकडा इथेच गोठवा. गोठवलेल्या ऊतकातून अख्खी पेशी हाती येत नाही, पण तिचं केंद्रक येतं, आणि केंद्रकातला आरएनए वाचायची पद्धत आता रुळलेली आहे. गोठवायला लागतं द्रवनत्र, उणे १९६ अंशाचं. हे म्हटलं की समोरचा म्हणतो, "सोलापुरात कुठलं आलंय मॅडम?" अहो, मोहोळ-माढ्याकडच्या कुठल्याही दूधवाल्याला विचारा. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या कशात ठेवतात? पशुवैद्यकीय दवाखान्यात तो पांढरा कॅन वर्षानुवर्षं उभा आहे आणि ठरलेल्या दिवशी भरलाही जातो. बैलाच्या रेताला जी व्यवस्था मिळते ती माणसाच्या गाठीला मिळू नये, याचं कारण मला तरी कुणी सांगू शकलेलं नाही.

फॉर्मेलिनला मी वर नावं ठेवली, पण तिथेही चित्र पालटलं आहे. गेल्या तीन-चार वर्षांत फॉर्मेलिननंतर मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या ऊतकावर चालणाऱ्या पद्धती आल्या आहेत. आरएनए तुटलेला असला तरी ठरावीक जनुकांना चिकटणारे छोटे प्रोब वापरून त्या वाचतात. म्हणजे आपल्या पॅथॉलॉजी विभागांच्या कपाटांत पडलेले जुने ब्लॉक हा आता खजिना झाला. आणि ते ठेवतो कुठे? मी एका ठिकाणी पत्र्याच्या छताखालच्या खोलीत पाहिले आहेत. मे महिना, पंखा बंद, मेण मऊ पडून ब्लॉक एकमेकांना चिकटलेले, लेबलं सुटलेली. कुठला तुकडा कुणाचा हे सांगायला कुणी नाही. एक वातानुकूलित खोली, लोखंडी खणाचं कपाट आणि नोंदवही, एवढ्याने सुरुवात होईल. उद्घाटनाची फीत कापायला ही खोली फारशी शोभणार नाही, हे मान्य.

आता एक गंमत. डीसी करताना मी सगळ्यांत जास्त दाबलेलं बटण न्यूट्रोफिलचं. पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक तेच असतात. आणि सिंगल सेलच्या निष्कर्षांतून हमखास गायब होणारेही तेच. त्यांच्यात आरएनए थोडा आणि आरएनए तोडणारी विकरं भरपूर. फायकॉल या जड द्रवावर रक्त वेगळं करताना ते तळाशी जातात, गोठवले तर टिकत नाहीत. त्यामुळे 'रक्तातल्या पेशींचा नकाशा' म्हणून जे देखणं चित्र छापून येतं त्यात कितीदा रक्तातली बहुसंख्य जनताच नसते. साधी काचपट्टी बघणाऱ्या तंत्रज्ञाला हे लगेच खटकेल. म्हणून माझी विनंती आहे की अशा प्रकल्पाच्या बैठकीत डीएमएलटी झालेल्या एका तरी माणसाला खुर्ची द्या.

चित्रांचा विषय निघालाच आहे. रंगीबेरंगी ठिपक्यांचे पुंजके असलेली ती आकृती, जिला यूमॅप म्हणतात, आपल्यासमोर येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात असेल. हजारो जनुकांची माहिती दोन मितींत दाबून बसवलेली असते, त्यामुळे दोन पुंजक्यांतलं अंतर बघून 'या पेशी जवळच्या, त्या लांबच्या' असं बोलण्यात अर्थ नसतो. तारा चारी आणि लिओर पॅख्टर यांनी २०२३ मध्ये तीच माहिती चक्क हत्तीच्या आकारात बसवून दाखवली, आणि खऱ्या अंतरांची मोडतोड त्यात नेहमीच्या आकृतीहून फार वेगळी नव्हती. प्रस्तावात पुंजका दिसला तर विचारा, हा हत्ती तर नाही ना?

त्याहून मोठी फसवणूक आकड्यांची. तीन रुग्ण, प्रत्येकाच्या पाच हजार पेशी, आणि कोष्टकात लिहिलेलं 'नमुने पंधरा हजार'. पी व्हॅल्यू, म्हणजे नुसत्या योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता, इतकी लहान की शून्यं मोजता मोजता दमायला होतं. आपल्या बाजार समितीत जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. तीन शेतकऱ्यांच्या गाड्यांतून पाच-पाच हजार कांदे काढून पाहिले, तर पंधरा हजार कांद्यांची माहिती मिळेल. शेतकरी मात्र तीनच राहतील. एकाचं रान पाणथळ असेल तर त्याचे पाच हजारही कांदे नासके निघतील आणि आपण म्हणू की यंदा जिल्ह्याचा कांदा खराब. रुग्णागणिक पेशींची बेरीज करून मग रुग्णांची रुग्णांशी तुलना करावी, ही साधी रीत आहे. ती न पाळल्याने जिथे काहीच फरक नाही तिथेही शेकडो जनुकांत 'फरक' दिसतो, हे २०२१ मध्ये प्रकाशित कामात स्पष्ट झालं आहे. तरी प्रबंध येतच आहेत. संशोधन समितीने 'रुग्ण किती?' एवढा एकच प्रश्न विचारला तरी निम्मं काम होईल.

माझे वडील डाइंगला होते. चादरीचा लाल एका लॉटचा संपला आणि दुसऱ्या लॉटचा लावला की डोळ्याला तो तोच दिसतो. चादर उन्हात धरली की पट्टा उठून येतो. सिंगल सेलमध्ये असंच होतं. रुग्णांचे नमुने सोमवारी केले आणि निरोगी माणसांचे शुक्रवारी, वेगळ्या डब्यातल्या रसायनाने, तर जो फरक दिसेल तो रोगाचा की वाराचा? संगणकावर तो पुसायच्या युक्त्या आहेत, पण सगळे रुग्ण एका लॉटात आणि सगळे निरोगी दुसऱ्यात असतील तर कुठलीच युक्ती चालत नाही. दोन्ही लॉट मिसळून विणायचे हे वडिलांना ठाऊक होतं.

मग इथल्या रुग्णांच्याच पेशी कशाला वाचायच्या, जग वाचतंय तेच वापरू, असं कुणी म्हणेल. २०१७ मध्ये तोंडाच्या कर्करोगावर गाजलेलं काम झालं ते बोस्टनच्या १८ रुग्णांवर, सुमारे सहा हजार पेशींवर. काम उत्तमच आहे. पण गालाच्या आत तंबाखूची गोळी धरून वर्षं काढलेला माणूस त्या अठरांत शोधू नका. आशियातल्या पाच देशांतल्या, त्यात भारतही आला, सहाशेहून अधिक निरोगी लोकांच्या साडेबारा लाखांवर रक्तपेशींची माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे तुलनेला आपल्याकडचं निरोगी रक्त तरी आता आहे. आजारी ऊतक कुठून येणार? जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले. सुतगिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती भरलेली माणसं आपल्याकडे आहेत, विड्या वळणाऱ्या बायका आहेत. हे प्रश्न इथूनच विचारले जायला हवेत.

आणि इथून प्रश्न विचारले गेले आहेत. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं धरून. गावोगाव फिरून माणसांनी वह्या भरल्या. त्याच बार्शीच्या रुग्णालयाच्या साथीने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, आणि एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते हे २००९ मध्ये जगाला कळलं. ते कळायला कुठलंही कोटीचं यंत्र लागलं नव्हतं. त्या अभ्यासावर टीकाही झाली, तीही नोंदवते : तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची तपासणी केली नव्हती, आणि हे कितपत योग्य, असं अनेकांनी विचारलं.

म्हणून नैतिकता समित्यांना वेगळं सांगणं आहे. सिंगल सेलच्या माहितीतून माणसाची जनुकीय ओळख उरतेच. नाव काढून टाकलं म्हणजे माणूस निनावी झाला असं होत नाही. ती माहिती जगभरच्या भांडारात कायमची जाते. हे सगळं भरतीच्या गडबडीत, इंग्रजी कागदावर अंगठा घेऊन उरकायचं नसतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णाला कळेल अशा भाषेत संमती घ्यायला सांगितलं आहे. सोलापुरात ती भाषा निदान चार तरी आहे. माझी आजी दिवसाला हजार विड्या वळायची आणि मराठी बाजारापुरती बोलायची. तेलुगूत समजावलं असतं तर ती दहा प्रश्न विचारून मगच हो किंवा नाही म्हणाली असती. मराठीत विचारलं असतं तर नुसती मान हलवली असती, कारण डॉक्टरांना नाही म्हणायचं नसतं. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत, मोठ्याने वाचून दाखवता येईल असं दोन पानांचं संमतीपत्र तयार करा. तेलुगूचा मसुदा मी लिहून देते.

विद्यापीठाच्या विभागांना सांगायचं ते असं की विश्लेषण शिकायला नमुना लागत नाही, पैसाही लागत नाही. एका निरोगी माणसाच्या २,७०० रक्तपेशींची माहिती सगळं जग शिकायला वापरतं. ती फुकट मिळते. सुरा (Seurat) किंवा स्कॅनपाय (Scanpy) ही संगणकीय साधनंही फुकट आहेत, आणि आठ जीबीच्या साध्या संगणकावर सगळं एका दुपारी होतं. ज्या मुलीने काचपट्टीवर मोनोसाइट ओळखला आहे तिला पडद्यावरचा मोनोसाइटचा पुंजका ओळखायला वेळ लागत नाही. शनिवारी दुपारी कुठल्याही महाविद्यालयाने संगणक कक्ष उघडून दिला तर मी शिकवायला येईन. मानधन नको, वीज गेली तर बॅकअप हवा.

रुग्णालयांकडे मागणं आणखी छोटं आहे. एका थिएटरच्या सिस्टर आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी अर्ध्या तासाची एक बैठक, दाराजवळ बर्फाचा डबा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी : 'हा तुकडा फॉर्मेलिनमध्ये नको.' वेळ लिहायला एक वही, तुकडा कापला कधी आणि गोठवला कधी. सहा महिने एवढंच करा. त्या वहीतली दोन वेळांमधली मिनिटं कमी होत गेलेली दिसली, की मग यंत्राच्या कोटेशनची फाइल उघडायला मी स्वतः आपल्या कार्यालयात येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक लॅब टेक्निशियन
जुळे सोलापूर

ता. क. : द्रवनत्राचा कॅन आणलात तर तो बंद खोलीत ठेवू नका आणि त्याचं झाकण घट्ट बसवू नका. ते सैलच असतं, वायू निघून जायला. आमच्याकडे एका कामसू मुलाने सांडू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. वेळेवर दिसली म्हणून बरं.